निपाणीची मावशी आणि मुकं मशीन

निपाणीच्या माझ्या मावशीला आजवर एकही दुकानदार फसवू शकलेला नाही, आणि तिला काही विकून सुखी झालेला दुकानदारही मी अजून पाहिलेला नाही. ती माझ्या आईची थोरली बहीण. तिच्या रस्त्यावरचे कापडवाल्यापासून भांडेवाल्यापर्यंत सगळे तिला मान देतात, खुर्ची देतात, चहा मागवतात, आणि तिची पाठ वळली की पंखा वाढवून घाम पुसतात. तिचं म्हणणं एवढंच, की वस्तू दुकानात बघायची नसते, दुकानात वापरायची असते. "घरी नेल्यावर कळलं, तर त्या कळण्याचा काय उपेग?" असं ती विचारते. या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, कारण तोवर तिने पिशवीतून स्वतःचं सामान काढायला सुरुवात केलेली असते.

कुकर घ्यायला गेली तेव्हा तिच्या पिशवीत भिजवलेली तूरडाळ होती. दुकानदाराने हमीचा कागद दाखवला, मावशीने डाळ दाखवली. शेजारच्या चहावाल्याची शेगडी मागून घेऊन दुकानाच्या पायरीवर कुकर चढला, शिट्ट्या झाल्या, रस्त्यावरची माणसं थांबली. झाकण उघडल्यावर तिने डाळ बोटांत चुरडून दुकानदाराच्या नाकासमोर धरली. "बघा, कण हाय अजून. दुसरा काढा." जेवणाचा डबा घेतला तेव्हा त्यात घरची पातळ आमटी ओतून, दुकानदाराकडे काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तारण म्हणून बसवून ठेवून, ती बसच्या शेवटच्या बाकावरून संकेश्वरपर्यंत जाऊन आली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात डबा आपटला, कंडक्टर आपटला, पण आमटीचा थेंब बाहेर आला नाही. तो डबा अजून तिच्याकडे आहे आणि घरातल्या कर्त्या माणसासारखा त्याचा मान राखला जातो. पलंगाच्या वेळी तिने काकांना दुकानातल्या पलंगावर झोपवलं. काका तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते, निवृत्त झालेत, आणि लग्नानंतर त्यांनी वाद घातल्याचं कोणाला आठवत नाही. ते मुकाट्याने चष्मा काढून आडवे झाले. बाकीची गिऱ्हाइकं कुजबुजत कपाटं बघत होती, काका घोरत होते, आणि मावशी शेजारी खुर्ची टाकून त्यांच्या घोरण्याकडे लक्ष देऊन बसली होती. पहिले दोन पलंग तिने घोरणं उथळ आहे म्हणून परत केले.

जावई निवडतानाही तिने हीच पद्धत वापरली. पुण्याचा मुलगा बघायला आला, पोहे खाल्ले, आणि पाणी पितो न पितो तोच मावशीने त्याच्या हातात दोन पिशव्या देऊन त्याला भर दुपारी आठवड्याच्या बाजारात नेलं. तिथे त्याला वांगी निवडायला लावली आणि स्वतः मागे उभी राहिली. मुलाने किडकं वांगं बाजूला ठेवलं, भाजीवालीवर आवाज चढवला नाही, आणि पिशव्यांचं ओझं होऊनही त्याने काकूंना, म्हणजे मावशीला, सावलीत उभं राहायला सांगितलं. घरी येऊन मावशीने जाहीर केलं, "चालंल. वांगी बी चांगली हाईत." तो जावई आजही पुण्यात मंडईत गेला की मागे वळून बघतो, असं माझी मावसबहीण सांगते.

मावशीचे कान हा एक वेगळाच विषय आहे. दूध उतू जाण्याआधी ते तिला अंगणात ऐकू येतं. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या सुनेने काय उलट उत्तर दिलं, तेही ऐकू येतं. पण कोणी हळू बोललं की ती ठार बहिरी होते. हातातलं काम थांबवते, मान तिरकी करते आणि म्हणते, "काय? ऐकू येत न्हाय." हे वाक्य तिने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा मला ऐकवलं असेल. मी मुळातच कमी बोलते. आमचं घर बेळगावातलं वडगावचं, विणकरांचं. समोरच्या खोलीत दोन माग सकाळपासून खडखडत असायचे, त्यात माझं बोलणं कोणाला ऐकू गेलं नसतंच, म्हणून मी ती सवय लावूनच घेतली नाही. पुढे इंग्रजी शाळेत गप्प बसणाऱ्या मुलींना शिस्तीचं बक्षीस मिळायचं. माझ्याकडे अशी बरीच बक्षिसं आहेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कानडी, आणि तिन्ही भाषांत मी सारखीच काटकसर केली.

काही वर्षांपूर्वी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माग विकले. साड्यांना भाव राहिला नव्हता आणि आप्पांच्या खांद्यात बळ राहिलं नव्हतं. खोली रिकामी झाली. मागाच्या आवाजावरून ओरडून बोलायची आप्पांची सवय मात्र तशीच राहिली, त्यामुळे आमच्या शांत घरात "चहा ठेव" हे वाक्यसुद्धा शेजारच्या घरात चहा ठेवला जाईल इतक्या मोठ्याने यायचं. मी तोवर कॉलेज संपवून चामड्याच्या पर्स करायला शिकले होते. निपाणीच्या बाजूने चामडं आणायचं, घरी कापायचं आणि हाताने शिवायचं. माझी एक पर्स बादलीसारखी होती, गोल तळाची, रुंद बंदाची. पणजीतल्या एका दुकानाच्या बाईंना ती आवडली. त्यांना अशा पुष्कळ हव्या होत्या आणि सगळ्यांची शिवण एकसारखी हवी होती. हाताने एक पर्स पुरी होईपर्यंत माझी बोटं सुजायची, आणि दुसरीची शिवण पहिलीसारखी कधीच यायची नाही. मशीन घेतल्याशिवाय हे काम पुढे जाणार नव्हतं. त्याच सुमारास कोपऱ्यावरचा मोबाईल दुरुस्तीवाला आप्पांकडे ती खोली भाड्याने मागत होता.

आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला सांगितलं, "खंडेनवमीपतूर खोली तुझी. त्या दिशी पूजेला तिथं मशीन असलं तर बघू. न्हाईतर मी त्या पोराला व्हय म्हणून सांगतो. विणकराच्या घरात खंडेनवमीला मोकळी भिंत पुजायची मला सवय न्हाय." आदल्या वर्षी त्यांनी त्या मोकळ्या खोलीत धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारा आडव्या धाग्याचा तो लाकडी तुकडा, पाटावर ठेवून एकट्याची पूजा केली होती. त्या वेळी मी दारात उभी होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मशीनबद्दल मला बरंच कळत होतं. गेले कित्येक महिने मी मोबाईलवर तेच बघत होते. पण दुकानात जाऊन, काउंटरपलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत बघून, "मला हे नको, ते हवं" असं म्हणणं हे माझ्यासाठी कठीण काम होतं. आईने हे ओळखलं आणि निपाणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मावशी आली, मागून काका आले, आणि काकांच्या मागून दोन जड पिशव्या आल्या. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी मावशीही 'मी येतो, मी जातो' म्हणते. दारातूनच म्हणाली, "आलो बघ मी. मशीन म्हंजे काय, मोठा कुकरच की. कुठं हाय दुकान?" आप्पांनी चहा देताना एक शंका काढली. देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून चामड्याचं काम, हे कसं दिसेल? मावशीने बशी खाली ठेवली. "पाव्हणं, गुरुवारी भजनाला मृदंग कशाचा वाजवता?" आप्पा गप्प झाले. आप्पा गप्प होणं आमच्या घरात इतकं दुर्मीळ आहे की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

पहिलं दुकान बाजारातलं, काचेचं, आत गारवा असलेलं. तिथल्या तरुण मालकाने एका चकचकीत मशीनवर हात ठेवला. "घ्या मॅडम. जीन्स, ताडपत्री, रेक्झिन, सगळं शिवतंय. स्पीड बघा नुसता." त्याने पायाने दाबलं आणि मशीन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घोंगावलं. मावशी म्हणाली, "पळवायचं न्हाय आमाला, शिवायचं हाय," आणि तिने पिशवीतून चामड्याचा एक तुकडा काढला. तो मी लगेच ओळखला. तिच्या गल्लीतल्या चपला करणाऱ्याकडून तिने चपलेच्या तळव्याचं चामडं आणलं होतं, दोन पदरी, लाकडाच्या फळीसारखं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "मावशी, पर्सला हे नसतं लागत. हे तळव्याचं आहे."

"काय? ऐकू येत न्हाय."

मी एक पाऊल मागे सरले. मालकाने तो तुकडा सुईखाली दिला. मशीनने एकदा खाकरल्यासारखा आवाज केला, सुई मोडली, आणि तिचं टोक उडून मालकाच्या चहात पडलं. त्याने कपाकडे बघितलं, मग मावशीकडे. "आक्का, ह्याला मशीन न्हाय, करवत पायजे."

"मग सगळं शिवतंय म्हणून कशाला सांगितलंस, बाबा?" मावशी शांतपणे म्हणाली. मालकाला वाईट वाटलं असावं, त्याने सुई बदलली आणि माझ्याजवळचं मऊ चामडं शिवून दाखवलं. ते त्याने भराभर शिवलं. पण वरचा पदर पुढे सरकला, खालचा मागे राहिला, आणि खालच्या बाजूला मशीनच्या दातांचे वळ उठले. कापडाची शिवण चुकली तर उसवता येते. चामड्याला सुईचं भोक पडलं की ते कायमचं राहतं. मला हे सगळं दिसत होतं, आणि ज्या मशीनमध्ये चामडं दाबून धरणारा वरचा पाय आणि खालचे दात बरोबरीने चालतात, दोन्ही पदरांना सारखं पुढे नेतात, तसं मशीन मागायला हवं हेही मला माहीत होतं. मी तुकड्यावरून बोट फिरवत उभी राहिले. शेवटी मावशीच म्हणाली, "बरं, येतो आम्ही," आणि मालकाने चहा ओतून टाकला.

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "ते चामडं चुकीचं हुतं व्हय?"

"होय."

"तुला ठाऊक हुतं?"

"सांगितलं होतं की मी."

"कुणाला?"

मी रसाच्या ग्लासात बघत बसले. काका हळूच म्हणाले, "मला ऐकू आलतं." मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेला रस एका घोटात संपवला. मग ती माझ्याकडे वळली. "हे बघ, डाळ शिजली का न्हाय मला कळतंय. मशीनमधलं मला काय बी कळत न्हाय. ते तुला कळतंय. म्हंजे मी नुसती पिशवी धरायला आलतो. फुडच्या दुकानात तू बोलायचं. मी बहिरी."

दुसरं दुकान शहापूरच्या बाजूला, जुन्या गल्लीत होतं. दारात भंगारातली मोटर, आत तेलाचा वास, आणि गल्ल्यावर एक वयस्कर मालक. "बर्री आक्का, बर्री, आत या," असं अर्धं कानडीत, अर्धं मराठीत स्वागत करून त्यांनी स्टूल पुसून दिलं. त्यांनी दाखवलेलं मशीन जड होतं आणि हळू चालत होतं. वरचा पाय खालच्या दातांबरोबर पावलं टाकत होता. माझं मऊ चामडं त्यांनी शिवून हातात दिलं. शिवण सरळ होती, टाके सारखे होते आणि कुठे वळ नव्हता. मी तो तुकडा उलटा केला, सुलटा केला. इतकी नीट शिवण मी आयुष्यात हाताने घातली नव्हती. मालक हात चोळत म्हणाले, "आयतु? ठरलं न्हवं? बांधायला सांगू?"

मावशी छताकडे बघत होती. काका पंख्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

"काय?" मावशी म्हणाली. मालकांना ऐकू आलं होतं, पण मावशीने हात वर करून त्यांना थांबवलं. "मला ऐकू येत न्हाय, गं. मोठ्यानं."

मी पिशवीतून माझी अर्धवट पर्स काढली, हाताने शिवलेली, तळ लावायचा राहिलेली. ती मी त्या मशीनच्या टेबलावर ठेवली आणि माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटला. "हे टेबल सपाट आहे. सपाट तुकडा यावर छान शिवतो. पण माझी पर्स गोल आहे. हा तळ शिवायला ती सुईखाली घालायची कशी? चेपली तर चामड्याला घडी पडते, आणि ती घडी जात नाही. मला सिलिंडरचं मशीन पाहिजे. ज्याचा खालचा भाग हातासारखा पुढे आलेला असतो, बाही चढवावी तशी पर्स त्याच्यावर चढवता येते, ते. पाय याच्यासारखाच चालणारा पाहिजे. आणि मोटर अशी पाहिजे की मी थांबवलं की त्याच टाक्यावर थांबली पाहिजे. बंदाच्या जोडाला सहा पदर येतात. तिथे मला एकेक टाका घालायचा आहे."

हे मी सलग बोलले. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे आधी का न्हाय सांगितलं, बाळ? मघापासनं मी आपला वेगळंच दाखवतोय."

"आधी तिला कुणी इचारलं न्हाय," मावशी म्हणाली. "मी बी न्हाय."

सिलिंडरचं मशीन दुकानात होतं. माळ्यावर. कोणीतरी मागवलं होतं आणि नेलंच नव्हतं, आणि आमच्या भागात ते दुसरं कोणी मागत नव्हतं. दोन हमालांनी ते खाली आणलं तेव्हा त्याच्यावर इतकी धूळ होती की मावशीने आपल्या पदराने ते पुसलं. तिने पदराने पुसलेली ही माझ्या पाहण्यातली पहिलीच विक्रीची वस्तू. मालकांनी त्याला तेल पाजलं, मोटर जोडली, आणि स्वतः न बसता स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी पर्स त्या पुढे आलेल्या हातावर चढवली. ती चढली. गोल तळ फिरवला, तो फिरला. बंदाच्या जोडाशी आले तेव्हा मी चाक हाताने फिरवलं. सुई सहा पदरांत उतरली, क्षणभर आत राहिली, वर आली. पुन्हा उतरली. मोटर लावली तरी आवाज जवळजवळ नव्हता. तळ पुरा झाल्यावर मी पर्स उचलून धरली आणि मालक म्हणाले, "शाब्बास." मावशी पर्स माझ्या हातातून घेऊन थेट शेजारच्या किराणा दुकानात गेली.

तिथून तिने तराजूची जड मापं मागून आणली. ती पर्समध्ये भरली, आणि पर्स काकांच्या खांद्याला अडकवली. "चौकापतूर जाऊन या. हिसके देत चाला." काका, निवृत्त हिशेबनीस, पांढरा सदरा, खांद्याला तपकिरी लेडीज पर्स, एक खांदा खाली, एक वर, हिसके देत भर बाजारातून निघाले. पोरं त्यांच्याकडे बघत होती, एका रिक्षावाल्याने वेग कमी केला. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा पर्समधून मेथीची जुडी डोकावत होती. "म्हटलं एवढं फिरतोय तर भाजी घेऊ," ते म्हणाले. मावशीने मेथी काढली, मापं काढली, जोडाचा टाका न् टाका बोटाने चाचपला आणि मालकांना म्हणाली, "बांधा." तिने सांगितलेल्या भावाला त्यांनी इतक्या घाईने होकार दिला की भावाची घासाघीस करायला मावशीला खास मजा आली नाही, ही तिची तक्रार अजून आहे.

मालकांना पट्टा बदलायचा होता, एक भाग घासून द्यायचा होता, आणि त्यांचा टेंपोवाला गावाला गेला होता. असं करता करता मशीन वडगावला पोचलं ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. खोली झाडलेली, दारात झेंडूचं तोरण, आणि आप्पा धुतलेलं धोतर नेसून तयार. चौघांनी मशीन आत ठेवलं. आईने हळदकुंकू लावलं, आप्पांनी फूल वाहिलं, आणि मग देव्हाऱ्यातून धोटा आणून त्यांनी मशीनच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, झालं. पण त्याच वेळी मोबाईल दुरुस्तीवाला पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला. आप्पांनी त्याला त्याच दिवशी उत्तर देतो म्हणून सांगितलं होतं.

आप्पा मशीनकडे बघत राहिले. "चालतंय काय हे?"

आता अडचण अशी, की खंडेनवमीला हत्याराला काम सांगायचं नसतं. त्या दिवशी त्याची पूजा आणि विश्रांती. आमच्या गल्लीत त्या दिवशी मागाची दांडीही कोणी हलवत नाही. म्हणजे मशीन लावून दाखवता येत नव्हतं. मावशीचे हात शिवशिवत होते. ती मशीनभोवती दोनदा फिरली, बटणाजवळ बोट नेलं आणि आईने डोळे वटारल्यावर परत घेतलं. आप्पा म्हणाले, "दुकानात चाललं म्हंजे घरात चालंल असं न्हाय. टेंपोत हादरलंय. आमचा दुसरा माग आलता तवा कितीतरी दिवस अडून बसलता. आक्का, तुम्ही सांगा. तुम्ही तपासलंय."

मला वाटलं, ती आता कुकरची, डब्याची, पलंगाची सगळी पुण्याई पणाला लावून सांगेल. पण ती म्हणाली, "मी न्हाय तपासलं, पाव्हणं. मी पिशवी तपासली. मशीन हिनं बघितलंय. हिला इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आप्पा, आई, काका, दारातला पेढेवाला पाहुणा. मी म्हणाले, "चालतंय."

मावशीने मान तिरकी केली. "काय? ऐकू येत न्हाय."

"चालतंय!" मी ओरडले. मागाच्या खडखडाटातूनही पलीकडे गेलं असतं इतक्या मोठ्याने. "चालतंय, आप्पा. मला ठाऊक आहे. आणि ही खोली मला पाहिजे. कुणाला द्यायची नाही!"

शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मोबाईलवाला दारातून म्हणाला, "मला बी ऐकू आलं," आणि आणलेले पेढे परत कशाला न्यायचे म्हणून त्याने ते तिथेच वाटले. पहिला मला दिला. मग आप्पांनी टेबलावरचा धोटा जरा बाजूला सरकवला, मला हात ठेवायला जागा होईल इतका.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी मशीन लावलं. आप्पा दारात उभे होते. "लाव की गं."

"लावलंय, आप्पा."

"मग आवाज कुठाय?"

ते आत आले, खाली वाकले आणि कान मशीनजवळ नेला. सुई उतरत होती, चढत होती, पाय हळू पावलं टाकत होता. ते तसेच वाकून ऐकत राहिले. संध्याकाळी आपट्याची पानं देताना ते प्रत्येकाला सांगत होते, "पोरीनं मशीन घेतलंय. आवाजच न्हाय त्याला!" ही तक्रार आहे की कौतुक, ते गल्लीला अजून कळलेलं नाही. पणजीच्या बाईंच्या सगळ्या पर्स वेळेत गेल्या आणि त्यांनी पुन्हा मागवल्या. आता माझ्याबरोबर गल्लीतल्या दोघी बसतात, आणि पुरवठादाराने चामडं खराब पाठवलं तर त्याला फोन मीच करते.

मशीनवरची पहिली पुरी पर्स मी मावशीला दिली होती. निपाणीच्या बसमध्ये चढताना. मला वाटलं, आता ही बंद ओढून बघेल, शिवण नखाने खरवडेल, काकांना पळायला लावेल. तिने काही केलं नाही. पर्स खांद्याला अडकवली, खिडकीजवळ बसली आणि बस सुटेपर्यंत दुसरीकडेच बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक वस्तू न तपासता घेतली, या विचाराने मी वडगावपर्यंत चालत आले.

पुढे काकांचे गुडघे थकले आणि दोघं मुलीकडे पुण्याला राहायला गेली. तिथे सगळ्या वस्तू खोक्यातून दारात येतात. खोकं देणारा मुलगा थांबत नाही. मावशी डाळ भिजवून ठेवते, पण कुकर बघायला दुकानच नाही. मावसबहीण सांगते, तिची आई दुपारी गॅलरीत बसून असते आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या फेरीवाल्यांकडे आशेने बघते.

परवा काकांचा फोन आला होता. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तुझी पर्स गॅलरीतल्या खिळ्याला टांगलीय. आलो त्या दिशीपासनं. आत जोंधळ्याचं पीठ भरून ठेवलंय, दाबून. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बंद ओढून बघती." मी काही म्हणायच्या आत फोन मावशीच्या हातात गेला. तिने माझी खुशाली विचारली नाही.

"तुटली न्हाय अजून," ती म्हणाली. जरा नाराजीनेच.

"न्हाय तुटायची," मी म्हणाले.

"काय? ऐकू येत न्हाय."

हल्ली मला शंका येते, की हे आता खरंच असावं. मी मशीन थांबवलं, फोन तोंडाशी धरला आणि मोठ्याने पुन्हा सांगितलं. इतक्या मोठ्याने, की कोण ओरडतंय ते बघायला आप्पा दारातून आत डोकावले.